रात्री अर्धवट राहिलेली पेट्रोलचोरी सकाळी 'मदतीला' आलेल्यांनी पुरी केली

मे महिन्यात नागपुरात गाडीखाली कुणी खुडबुड केली, तरी घरातल्या माणसाला पत्ता लागत नाही. खिडकीतला कूलर रात्रभर घरघरत असतो. आमच्या मानेवाड्याच्या लेआउटमध्ये बहुतेकांच्या गाड्या कंपाउंडबाहेरच उभ्या असतात. बाबांची छोटी गाडीही शेजारच्या रिकाम्या प्लॉटच्या भिंतीला लागून होती. दुसऱ्या दिवशी रामटेकला जायचं म्हणून त्यांनी संध्याकाळीच टाकी फुल करून आणली होती.

मी पहिल्या पाळीसाठी बुटीबोरीला निघून गेलो आणि थोड्या वेळानं घरची बेल वाजली. दारात स्कूटरवाला. "काकाजी, तुमच्या गाडीखालून पेट्रोल गळून राहिलं ना! चोरट्यांनी टाकीच फोडली वाटते. चालू नका करू बरं, भडका उडन." बाबांनी पाहिलं तर खरंच खाली ओलं होतं आणि वास नाकात जात होता. सल्लाही अगदी बरोबर होता. त्यामुळे पुढचं "माह्या ओळखीचा मिस्त्री आहे, बोलावू का?" हेही ओघानंच आलं.

मिस्त्री लगेच हजर. गाडीखाली शिरला आणि कापलेला रबरी पाइप हातात घेऊन बाहेर आला. "टाकीले भोक पाडलं जी." भोक बुजवायचं तर टाकी रिकामी करावी लागेल म्हणाला, म्हणून उरलेलं पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं. त्यात कचरा गेलाय, गाडीला चालणार नाही, असं सांगून कॅन स्कूटरवर ठेवले. पाइप, टाकीची दुरुस्ती आणि मजुरी मिळून 6,800 रुपये, तेही रोखच. "स्कॅनर बंद आहे काकाजी."

दुपारी मी गाडी सक्करदऱ्याच्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे नेली. त्यानं ती रॅम्पवर चढवली आणि मला खाली बोलावलं. टाकीवर अनेक पावसाळ्यांचा वाळका चिखल जसाच्या तसा बसलेला. कुठं भोक नाही, बुजवल्याची खूण नाही, बोटाचा ठसासुद्धा नाही. नवीन होता तो फक्त पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत जाणारा पाइप आणि त्याच्या चकचकीत क्लिपा. काम काही शेकड्यांचं.

चोरीची पद्धत त्यानंच समजावली. बऱ्याच नव्या गाड्यांत टाकीच्या तोंडाशी झडप असते, वरून नळी आत जात नाही. म्हणून चोर खाली झोपून हाच पाइप ब्लेडनं कापतात आणि तिथून नळी घालतात. टाकी काठोकाठ असेल तर कापल्याबरोबर पेट्रोल अंगावर येतं. आमच्याकडे तसंच होऊन ते पळाले असावेत.

आता माझा हिशेब. गाडी आमच्या फाटकासमोर नव्हती, मग त्या माणसानं नेमकी आमचीच बेल कशी वाजवली? इतक्या सकाळी सुट्या भागांचं दुकान उघडं नसतं, मग मिस्त्रीच्या पिशवीत आमच्याच मॉडेलचा पाइप कुठून आला? पोलिसांत सिद्ध करता येईल असं माझ्या हाती काही नाही, पण रात्रीची आणि सकाळची माणसं वेगळी होती हे मला कुणी पटवून दाखवावं. रात्री जे पेट्रोल नेता आलं नाही, ते दिवसाढवळ्या मालकाला विचारून नेलं, वर मजुरीही घेतली.

तुमच्या गाडीखाली ओलं दिसलं, वास आला, तर स्टार्टर मारू नका, हे त्यानं सांगितलं तेवढं खरंच ऐका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती गाडीखालीच साचून राहते आणि उणे तापमानातही पेटू शकते. आमच्याकडे तर पंचेचाळीस अंश. आजूबाजूला विडी-सिगारेट नको, सांडलेल्यावर माती टाका, जास्त असेल तर 101 ला फोन करा. मिस्त्री मात्र तुमचा तुम्ही बोलवा, यायला दुपार झाली तरी चालेल. आणि टाकीला भोक आहे म्हणणाऱ्याला ते मोबाइलवर फोटो काढून दाखवायला सांगा. फोटो दूर उभं राहून, गळती थांबल्यावर.

पोलिस ठाण्यात आमची तक्रार अदखलपात्र (एनसी), म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलिस तपास करू शकत नाहीत अशी, म्हणून नोंदवली. जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र आहे. लहान गाडीच्या टाकीत 35-37 लिटर मावतं; लिटरला शंभरच्या थोडं वर धरलं तरी अख्खी टाकी नेली तर चार हजारांच्या आसपास. म्हणजे पेट्रोलचोर बहुतेक वेळा या रेषेखालीच राहतो.

विम्याचंही पाहिलं. पेट्रोलचे पैसे मिळत नाहीत, रबर-प्लास्टिकच्या भागांवर झिरो डेप (घसारा न कापणारं जादा संरक्षण) नसेल तर निम्मी घट धरतात, आणि एवढ्याशा दाव्यापायी नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. दावा केला नाही. एनसीची प्रत आणि बाबांनी सांगितलेलं दोघांचं वर्णन मात्र लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. मागच्या गल्लीतल्या एका काकूंनी लगेच लिहिलं, हाच स्कूटरवाला त्यांच्याकडे 'रेडिएटर गळतोय' सांगायला आला होता.