मोबाइल अ‍ॅपची सेटिंग्ज ठेवायची कुठे: पॅकेजमधली फाइल, बिल्ड की सर्व्हर?

डेस्कटॉपवर प्रोग्रॅमच्या शेजारी सेटिंग्जची एक कॉन्फिग फाइल असायची. नोटपॅडमध्ये उघडून सर्व्हरचा पत्ता बदलला की झालं. मोबाइलवर हे जमत नाही. अ‍ॅप ज्या पॅकेजमधून फोनवर येतं ते अँड्रॉइडचं एपीके काय किंवा आयओएसचं बंडल काय, दोन्हींवर डिजिटल सही असते. आतली फाइल अ‍ॅपला वाचता येते, बदलता येत नाही. म्हणून फॉरमॅट कोणता यावर डोकं खपवण्याआधी ही व्हॅल्यू कोण बदलणार आणि कधी, ते ठरवा.

पॅकेजमधली जेसन फाइल (साध्या मजकुरात नाव आणि व्हॅल्यू लिहायचा फॉरमॅट) सगळ्यांच्या ओळखीची. अँड्रॉइडवर ती अ‍ॅसेट्स फोल्डरमध्ये जाते, आयओएसवर बंडलमध्ये. फ्लटर या फ्रेमवर्कमध्ये पबस्पेक या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये तिची नोंद करावी लागते. डॉट नेट माउई या मायक्रोसॉफ्टच्या फ्रेमवर्कमध्ये ती एम्बेडेड रिसोर्स करता येते, म्हणजे प्रोग्रॅमच्या आतच बसवता येते, पण रिसोर्सच्या नावात नेमस्पेस (कोडच्या गटाचं नाव) आणि फोल्डरही धरलेले असतात. ते चुकलं तर एरर न येता हातात नल, म्हणजे रिकामी व्हॅल्यू, पडतो, आणि अ‍ॅप दुसऱ्याच ओळीवर कोसळतं. याद्या, मेन्यू, एकात एक गुंफलेली रचना यांना ही पद्धत उत्तम. दुखणं एकच: एखादा स्वल्पविराम राहिला तर ते कंपायलरला कळत नाही, अ‍ॅप चालवल्यावरच कळतं.

सर्व्हरच्या पत्त्यासाठी मात्र मी बिल्डच्या बाजूने आहे, म्हणजे अ‍ॅप तयार होतानाच व्हॅल्यू आत बसवायची. अँड्रॉइडवर बिल्डकॉन्फिग, आयओएसवर एक्सकॉन्फिग, फ्लटरमध्ये डार्ट-डिफाइन. आम्ही एकदा जेसनमध्ये टेस्ट सर्व्हरचा पत्ता हाताने टाकला, परत बदलायला विसरलो आणि रिलीज तसंच बाहेर गेलं. दुरुस्ती एका ओळीची, पण नवी आवृत्ती स्टोअरमधून मंजूर होऊन लोकांच्या फोनवर पोचेपर्यंत नुसतं बघत बसायचं. डिबग (चाचणीची आवृत्ती) आणि रिलीजचे पत्ते बिल्डनेच वेगळे ठेवले असते तर ही वेळ आली नसती. एक लक्षात ठेवा: अँड्रॉइडचं बिल्ड करणाऱ्या अँड्रॉइड ग्रेडल प्लगइनच्या ८.० आवृत्तीपासून बिल्डकॉन्फिग आपोआप तयार होत नाही, ते चालू करावं लागतं.

रिलीजनंतर बदलावं लागेल असं काही असेल, म्हणजे एखादं फीचर बंद करण्याचा फ्लॅग वगैरे, तर रिमोट कॉन्फिगला, म्हणजे व्हॅल्यू सर्व्हरवरून आणण्याला, पर्याय नाही. पण 'सर्व्हरवर बदललं की लगेच लागू' असं समजू नका. गूगलच्या फायरबेस रिमोट कॉन्फिगमध्ये दोन फेचमधलं (सर्व्हरवरून व्हॅल्यू आणण्यामधलं) किमान अंतर मुळात १२ तासांचं असतं. शिवाय पहिल्यांदा अ‍ॅप उघडताना नेट नसेल तर? त्यासाठी डिफॉल्ट व्हॅल्यू पॅकेजमध्ये लागतातच, म्हणजे पहिला पर्याय सुटतच नाही.

पासवर्ड आणि गुप्त की यांना या तिन्हींत जागा नाही. एपीकेचं एक्स्टेन्शन झिप करा, उघडा, अ‍ॅसेट्समध्ये जा: तुमची फाइल अक्षरन् अक्षर समोर असते. बिल्डमधली स्ट्रिंग शोधायला थोडा जास्त वेळ लागतो, इतकाच फरक.

वापरकर्त्याने बदलायच्या गोष्टी वेगळ्याच खात्यातल्या. त्या अँड्रॉइडवर शेअर्डप्रेफरन्सेस किंवा डेटास्टोअरमध्ये, आयओएसवर यूजरडिफॉल्ट्समध्ये. आयओएसच्या सेटिंग्ज अ‍ॅपमध्ये आपलं पान दाखवणार असाल तर एक खोच आहे. पीलिस्टमध्ये, म्हणजे त्या पानाचं वर्णन असलेल्या फाइलमध्ये, डिफॉल्ट 'चालू' लिहिलं की तिथे स्विच चालू दिसतो, पण वापरकर्त्याने त्याला हात लावेपर्यंत कोडमध्ये उत्तर 'बंद' असंच येतं. अ‍ॅप सुरू होतानाच रजिस्टर-डिफॉल्ट्स करून त्याच व्हॅल्यू पुन्हा द्याव्या लागतात, आणि त्या साठवल्या जात नसल्यामुळे दर वेळी द्याव्या लागतात.