सनद (वकिलीचा परवाना) मिळाली, आता सिनियरकडे बसू का स्वतःचं ऑफिस टाकू?

मी अडीच वर्षं सिनियरकडे काढली आणि मग तालुका कोर्टात एकट्याने सुरू केलं, त्यामुळे दोन्हीकडचं बघितलंय. एलएलबी तीन वर्षांचं केलं का बारावीनंतरचं पाच वर्षांचं, यात अडकू नका. दोन्हीनंतर एआयबीई (बार कौन्सिलची परीक्षा) द्यावीच लागते आणि सनद एकच मिळते, पक्षकार तर कधीच विचारत नाही.

आधी पैशाचं बोलू. ज्युनियरला सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी पेट्रोलपुरतं मिळतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये स्टायपेंड द्या असं सांगितलं, पण ती नुसती शिफारस आहे, त्यामुळे त्या भरवशावर घर चालवायचा हिशोब करू नका. स्वतःच्या ऑफिसात फी सगळी आपली, पण भाडं, टायपिंग, झेरॉक्स पण आपलंच, आणि वकिलाला जाहिरात करता येत नाही, म्हणजे माणसं एकमेकांना सांगून येतील तेव्हाच येणार, आणि त्याला वेळ लागतो.

पण खरा फरक शिकण्यात आहे. मी ज्युनियर असताना चेक बाउन्सचं एक मॅटर माझ्याकडे दिलं होतं, म्हणजे कलम 138 चं. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो आल्यापासून 30 दिवसांत नोटीस द्यायची, ती मी दिली, पोच पण आली. समोरचा पैसे देत नाही हे दिसत होतं म्हणून बाराव्या दिवशीच तक्रार टाइप करून सह्यांसाठी पक्षकाराला बोलावलं. सिनियरनी फाइल उघडली, पोचपावतीवरच्या तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस त्याचे आहेत, ते संपू दे, मग पुढचा एक महिना तुझा." आधी दाखल केली असती तर ती तक्रार टिकलीच नसती. एकटा असतो तर ही चूक मला कोण दाखवणार होतं? आणि पैसे त्या माणसाचे अडकलेले होते, माझे नाही, हे मला आजही विसरता येत नाही.

एकट्याची दुसरी अडचण म्हणजे पुकारा. एका कोर्टात उलटतपास चालू आणि शेजारच्या कोर्टात निशाणी 5 चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जाचा युक्तिवाद, तिकडे पुकारा झाला आणि कोणी उभं राहिलं नाही तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. ज्युनियर असेल तर निदान थांबायची विनंती करतो. एकट्याने बारमधल्या दोघातिघांशी जमवून घ्यावंच लागतं, आज तू माझं बघ उद्या मी तुझं बघतो असं.

न्यायाधीश व्हायचं डोक्यात असेल तर 2025 च्या मे मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदासाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली, त्याला तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा, नाहीतर त्यांनी शिक्कामोर्तब केलेला, किमान 10 वर्षं वकिली झालेल्या वकिलाचा दाखला लागतो, तो वकिलाचा दाखला सिनियरकडे असलेल्याला सोपा जातो.

माझं मत विचाराल तर निदान दोन वर्षं सिनियरकडे काढाच. घरातच कोणी वकील असेल आणि रोज संध्याकाळी फाइल दाखवता येत असेल तर थेट सुरू करायला हरकत नाही. आणि सिनियर निवडताना नाव मोठं आहे का ते नंतर बघा, आधी त्यांच्या आत्ताच्या ज्युनियरला गाठून विचारा की दावा, कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) स्वतः लिहायला देतात का, का नुसत्या तारखा घ्यायला पाठवतात.