डीडीजे-एफएलएक्स४, दोन सॉफ्टवेअर आणि २६ मिलिसेकंद

माझा आधीचा डीजे कंट्रोलर (लॅपटॉपवरची गाणी मिसळायचं, बटणं नि फेडरवालं यंत्र) सात वर्षं टिकला. शेवटच्या दोन वर्षांत त्याचं डावीकडचं प्ले बटण दोनदा दाबावं लागायचं, क्रॉसफेडर (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी दांडी) मध्यावर आला की खरखरायचा, पण माणसाला सवय होते. तो गेला तो बटणामुळे नाही. लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टीम अपडेट केली आणि त्याचा ऑडिओ ड्रायव्हर चालेनासा झाला. कंपनीच्या यादीत त्याच्या नावापुढे 'सपोर्ट बंद' लिहिलेलं. यंत्र ठणठणीत, आवाज मात्र नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण असं कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं, आणि म्हणूनच नवीन घेताना माझा पहिला प्रश्न होता: याला वेगळा ड्रायव्हर लागतो का?

दुसरा प्रश्न चार चॅनलचा, म्हणजे एकाच वेळी चार गाणी लावायच्या सोयीचा. दुकानाच्या पानावर चार चॅनलवाले मोठे कंट्रोलर पाहिले की हात शिवशिवतात. मग मी एक काम केलं. माझे रेकॉर्ड केलेले जुने सेट काढून ऐकले, साधारण तीसेक, आणि कुठे कुठे तिसरं डेक (गाणं लावायची जागा) असतं तर बरं झालं असतं याची नोंद ठेवली. अशा जागा निघाल्या दोन. त्यातल्या एका ठिकाणी सॅम्पलरवर (आवाजाचे छोटे तुकडे वाजवायची सोय) भागलं असतं. चार चॅनलचा विषय तिथेच संपला.

तर घेतला डीडीजे-एफएलएक्स४. २०१८ च्या डीडीजे-४०० च्या जागी आलेला. पायोनियर डीजे हा ब्रँड, पण कंपनीचं नाव २०२० पासून अल्फाथीटा, त्यामुळे ड्रायव्हर नि कागदपत्रं शोधताना दोन्ही नावं टाकून बघावी लागतात. वजन दोन किलोच्या आसपास, यूएसबी-सी वरूनच चालतो, वेगळा अडॅप्टर नको. मांडणी क्लबमधल्या मोठ्या प्लेअरसारखी: प्ले आणि क्यू (खूण केलेल्या जागी परत नेणारं बटण) खाली डावीकडे, इफेक्टचा पट्टा मिक्सरच्या उजव्या कडेला. डेकला आठ पॅड. पॅड रबरी आहेत, दाबल्यावर टक् असा आवाज होत नाही. जॉग व्हील (गाणं हाताने पुढे-मागे ढकलायच्या गोल चकत्या) छोटी, प्लॅस्टिकची, हलकी. स्क्रॅच शिकायचं असेल तर ती अपुरी पडतील. मला स्क्रॅच येत नाही, त्यामुळे माझी तक्रार नाही.

मला या यंत्रातली सर्वांत आवडलेली गोष्ट जाहिरातीत कुठे दिसणार नाही: टेम्पो स्लायडर, म्हणजे गाण्याचा वेग कमी-जास्त करायची दांडी. दिसायला आखूडच आहे, जुन्याइतकाच. पण जुन्या कंट्रोलरवर दोन गाण्यांची लय हाताने जुळवली की मिनिटभरात ठेका लंगडायला लागायचा, आणि मी जॉगला सारखा टिचक्या मारत बसायचो. सात वर्षं मला वाटत होतं की आपलाच कान कच्चा. नवीन यंत्रावर पहिल्याच संध्याकाळी दोन गाणी तीन मिनिटं एकत्र चालली, हात न लावता. मी हेडफोन काढून स्पीकरकडे बघत राहिलो. मग जुन्याच्या मिडी सिग्नलचे (कंट्रोलर लॅपटॉपला पाठवतो ते) आकडे पडद्यावर काढून बघितले. त्याचा स्लायडर ७ बिटचा निघाला, म्हणजे ० ते १२७, एकूण १२८ टप्पे. टेम्पोची रेंज अधिक-उणे ८ टक्के ठेवली तर १६ टक्क्यांची पट्टी १२७ उड्यांत कापायची; एका उडीला ०.१२६ टक्के. १२८ बीपीएमच्या (मिनिटाला १२८ ठोक्यांच्या) गाण्यात ही उडी ०.१६ बीपीएमची होते. म्हणजे हवी ती लय नेमकी दोन टप्प्यांच्या मधे असेल तर ०.०८ बीपीएमचा फरक राहणारच, कान कितीही तयार असो. मिनिटाला तो साठतो ३७ मिलिसेकंदांवर, दोन मिनिटांत दुप्पट, आणि तेवढ्यात ढोल दुहेरी ऐकू येतो. नव्याचा स्लायडर १४ बिटचा: १६,३८४ टप्पे. बोटाला तेवढं बारीक सरकवता येत नाही, पण निदान मधे अडत तरी नाही. कंट्रोलर घेताना पॅडचे रंग किती ते सगळे सांगतात, हे कुणी सांगत नाही. विचारा.

भाची सुट्टीत आली होती. तिने पाच मिनिटांत स्मार्ट फेडर शोधून काढलं. हे चालू ठेवून फेडर सरकवला की यंत्र स्वतःच लय सावकाश बदलतं, खालचे सूर एका गाण्यातून काढून दुसऱ्यात सोडतं, आवाज सांभाळतं. "मामा, हे तर आपोआपच होतंय!" होतंय खरं. ऐकायला वाईटही नाही. पण प्रत्येक बदल एकाच वळणाचा होतो, आणि दहाव्या गाण्याला ते वळण कळायला लागतं. मी ते बंद करून तिला बेसचे दोन नॉब दाखवले: एकाचा खाली घेताना दुसऱ्याचा वर, समेवर. अर्ध्या तासात तिला जमलं आणि मग स्मार्ट फेडरकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. नवशिक्याला पहिल्या आठवड्यात गंमत म्हणून ठीक आहे.

आता सॉफ्टवेअर. माझं म्हणणं असं, की कंट्रोलर सगळ्यात शेवटी ठरवायचा. तुम्ही खरी मेहनत घातलेली असते ती गाण्यांवर: कुठे शिरायचं, कुठून निघायचं याच्या हॉट क्यू खुणा, बीटग्रिड (ठोक्यांवर आखलेल्या रेघा), लूप, याद्या. हे सगळं सेराटो, रेकॉर्डबॉक्स, ट्रॅक्टर यांच्यासारखं प्रत्येक डीजे सॉफ्टवेअर वेगळ्या ठिकाणी ठेवतं. सेराटो क्यू पॉइंट गाण्याच्या फाइलमध्येच, टॅगमध्ये लिहितं. फाइल कॉपी केली की खुणाही बरोबर येतात. रेकॉर्डबॉक्स त्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. ट्रॅक्टरचा संसार एका कलेक्शन फाइलमध्ये असतो. घर बदलताना सामान कशात भरलंय हे आधी बघावं लागतं, तसंच हे.

एफएलएक्स४ रेकॉर्डबॉक्सही चालवतो आणि सेराटोही. कंट्रोलर जोडला की रेकॉर्डबॉक्सचा परफॉर्मन्स मोड (प्रत्यक्ष वाजवायचा भाग) फुकट उघडतो. सेराटोचं लाईट फुकट, पण त्यात हॉट क्यू चारच आणि रेकॉर्डिंग नाही. प्रोसाठी वेगळे पैसे. माझ्याकडे प्रोचं लायसन्स आधीपासून होतं, म्हणजे खरं तर काही हलवायची गरज नव्हती. पण क्लबमधले मोठे प्लेअर रेकॉर्डबॉक्सने तयार केलेला पेनड्राइव्ह वाचतात, आणि लॅपटॉप न नेता फक्त पेनड्राइव्ह खिशात टाकून जायचं माझं जुनं स्वप्न. म्हणून ठरवलं, २,३०० गाणी उचलून तिकडे न्यायची.

सेराटोची लायब्ररी रेकॉर्डबॉक्स थेट उचलत नाही. मधे रूपांतर करून देणारं तिसरं सॉफ्टवेअर लागतं. मी एक घेतलं, चालवलं, तासाभरात सगळ्या याद्या जागच्या जागी. क्यूचे रंगसुद्धा आले. खूश होऊन दोन गाणी लावली, सिंक (लय आपोआप जुळवणारं बटण) दाबलं, आणि कानाला काहीतरी खटकलं. पडद्यावर ग्रिडच्या रेघा एकमेकींखाली चपखल. ठोका मात्र 'धप्' न येता 'ध-धप्' असा. दुसरी जोडी लावली, तीत काहीच नाही. तिसरीत पुन्हा.

लाटेचं चित्र अगदी मोठं करून पाहिलं तेव्हा दिसलं. ग्रिडची रेघ ठोक्याच्या केसभर आधी उभी होती. हॉट क्यूही तेवढीच आधी. मोजलं तर २६ मिलिसेकंद. हा आकडा कुठून आला ते कळल्यावर मला हसूच आलं. एमपी३ फाइल फ्रेमच्या तुकड्यांनी बनते, एका फ्रेममध्ये १,१५२ सॅम्पल. ४४,१०० हर्ट्झला भागलं की २६.१ मिलिसेकंद. काही फाइलींची पहिली फ्रेम ही गाण्याची नसतेच. तिच्यात एन्कोडरने (एमपी३ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने) फाइलची माहिती लिहिलेली असते. एक सॉफ्टवेअर ती फ्रेम मोजतं, दुसरं सोडून देतं. दोघांचंही गाणं बरोबर वाजतं, फक्त 'शून्य' कुठे आहे यावर एकमत नाही. फाइल कोणत्या एन्कोडरने बनवली यावर अवलंबून, म्हणून काही गाण्यांत सरकतं आणि काहींत नाही. वेव्ह किंवा एआयएफएफ फाइलींत ही भानगड नाही.

रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सरक भरून काढायचा पर्याय होता, आतल्या पानावर. तो लावून सगळं पुन्हा चालवलं, बहुतेक गाणी ताळ्यावर आली. पण निरनिराळ्या ठिकाणांहून, निरनिराळ्या काळात जमवलेल्या सहाएकशे फाइलींवर माझा विश्वास बसत नाही. त्या एकेक करून कानाने तपासतोय. शिवाय क्लिक (कानात वाजणारा ठरावीक लयीचा ठोका) न लावता, माणसांनी वाजवलेली जुनी गाणी वेगळीच. त्यांची लय मुळातच हलते, एकसारखा ग्रिड बसत नाही. सेराटोत मी त्यांना जागोजागी हाताने खुंट्या मारल्या होत्या. रेकॉर्डबॉक्समध्ये विश्लेषण 'डायनॅमिक' वर ठेवलं की ते बऱ्यापैकी पकडतं, पण तबला सुटा वाजतो तिथे हमखास चुकतं.

शेवटी तोडगा असा निघाला, की घरी आणि ओळखीतल्या कार्यक्रमांना सेराटोच, आणि बाहेरच्या प्लेअरसाठी निवडक ३०० गाणी रेकॉर्डबॉक्समध्ये. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, एनटीएफएस केलात तर प्लेअर तो वाचणारच नाही.

स्टेम्सबद्दल थोडक्यात. गाण्यातून आवाज, ढोल, बेस वेगळे काढायची सोय सेराटो प्रोमध्ये २०२२ च्या ३.० पासून आहे. काम छान करते, पण माझ्या लॅपटॉपचा पंखा विमानासारखा सुरू होतो. गाणी आधीच तयार करून ठेवायच्या क्रेटमध्ये (सेराटोतली यादी) टाकली तर वाजवताना ताण येत नाही, डिस्कवर जागा मात्र भरपूर खाते. लॅपटॉप जुना असेल तर बफर (आवाज बाहेर पाठवण्याआधी साठवायचा तुकडा; मोठा तितका उशीर जास्त) ५१२ सॅम्पलवर ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झला ते १२ मिलिसेकंदांहून कमीच भरतं, मिक्सिंगला चालून जातं. २५६ वर मला मधेच कट्-कट् ऐकू यायचं.

उणिवा. बाहेर जाणारा आवाज फक्त आरसीएवरून. मोठ्या सिस्टीमला लांब केबलने जोडायचं तर गुणगुण लागण्याची शक्यता, विशेषतः लॅपटॉप चार्जरवर असताना. मी डीआय बॉक्स (ही गुणगुण तोडणारी छोटी पेटी) बरोबर ठेवतो. बूथ आउटपुट (वाजवणाऱ्याजवळच्या स्पीकरसाठी वेगळी जोडणी) नाही. हेडफोनला छोटं ३.५ मिमीचंच भोक, त्यामुळे जाड पिनेवाल्यांनी अडॅप्टर विसरू नये. आणि स्वस्त यूएसबी हबमधून जोडू नका, थेट लॅपटॉपला लावा.

डीडीजे-४०० असेल आणि रेकॉर्डबॉक्सवर सुखी असाल तर बदलायचं कारण नाही. सेराटो हवं असेल किंवा फोनवरून वाजवायचं असेल तरच विचार करा. पहिलाच घेत असाल तर डोळे झाकून हा घ्या, पण गाण्यांना खुणा करायच्या आधी सॉफ्टवेअर पक्कं करा आणि महिनाभर तरी तेच वापरा.

जुना कंट्रोलर भाची घेऊन गेली. तिने तो एका टाकून दिलेल्या लिनक्सच्या लॅपटॉपला जोडला, मिक्स्स (Mixxx) हे फुकट डीजे सॉफ्टवेअर टाकलं, आणि ड्रायव्हर वगैरे काही न मागता तो चालू झाला, आवाजासकट. मॅपिंगची (कोणतं बटण काय करेल ते ठरवणारी) स्क्रिप्ट जावास्क्रिप्टमध्ये असते म्हणून ती त्यात काहीबाही बदल करत बसते, हल्ली फोन त्याबद्दलच असतात. डावं प्ले बटण मात्र तिलाही दोनदाच दाबावं लागतं.