अटकेतल्या माणसाला बँकेत कोण पाठवतं?

एकूण १८,४०,००० रुपये. आधी ४,९०,०००, मग मुदत ठेव मोडून ११,५०,००० आणि शेवटी 'जामिनाचे' म्हणून २,००,०००. व्हिडिओ कॉलवर खोटी अटक दाखवून माणसाला घरातच डांबणाऱ्या 'डिजिटल अरेस्ट'वाल्यांनी आमच्या काकांची निवृत्तीची पुंजी अशी नेली. प्रकार आता सगळ्यांना पाठ आहे: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ, तुमच्या आधारवर उघडलेलं खातं, व्हिडिओ कॉलवर गणवेशातला साहेब आणि कोर्टाच्या शिक्क्याचा कागद. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान यावर बोलले, ते काकांनी ऐकलंही होतं. म्हणूनच "पेपर वाचत नाहीत का हो ते?" असं कोणी विचारलं की डोकं फिरतं. हातपाय गळाले की वाचलेलं, ऐकलेलं काही आठवत नाही. शिकल्यासवरल्या माणसालाही नाही.

माणूस हुकूम कुठवर पाळतो, हे पाहायला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्राम यांनी १९६१ साली येल विद्यापीठात सुरू केलेले प्रयोग बघा. अधिकारी त्याच खोलीत बसून "पुढे चला" म्हणत राहिला, तेव्हा ४० पैकी २६ जण पलीकडच्या माणसाला ४५० व्होल्टचा झटका देण्यापर्यंत गेले. झटके खोटे होते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. तोच अधिकारी खोलीबाहेरून फोनवर हुकूम सोडू लागला तेव्हा ऐकणारे एकदम कमी झाले. आणि दोन अधिकारी एकमेकांविरुद्ध बोलू लागले, तेव्हा कोणीच शेवटपर्यंत गेलं नाही. आता ठगांचे नियम आठवा. कॅमेरा झोपतानाही बंद करायचा नाही, म्हणजे साहेब कायम खोलीत. "घरात बोललात तर त्यांनाही आत टाकू", म्हणजे वेगळं बोलणारं कोणी उरत नाही. सगळी पकड या दोन गोष्टींवर आहे. कॉल कापा आणि दार उघडून शेजाऱ्याला हाक मारा, बाकी काही सुचलं नाही तरी चालेल. अशी अटक भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालची हजर राहण्याची नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलेलं आहे.

सगळ्यात जास्त टोचतो तो बँकेतला अर्धा तास. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणणारे लोक ठेव मोडायला मात्र बँकेत पाठवतात! फोन शर्टाच्या खिशात, कॉल चालू. विचारलं तर "घराच्या दुरुस्तीसाठी" म्हणायचं, हे पढवलेलं. पैसे म्हणे सरकारच्या देखरेख खात्यात जाणार, तपासून परत येणार. आणि आरटीजीएसच्या फॉर्मवर लाभार्थी कोण? कुठलीशी 'ट्रेडर्स', चालू खातं, परराज्यातली शाखा. काकांनी ते नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. काउंटरवरच्या माणसाने वाचलं, शिक्का मारला. ज्येष्ठ नागरिक ठेव मोडून सगळी रक्कम कधी न ऐकलेल्या फर्मला पाठवतोय, खिशातून आवाज येतोय, आणि एकही प्रश्न नाही! साहेबाविरुद्ध बोलू शकणारा तिथे तो एकच माणूस होता. बँकेत काम करणाऱ्यांनो, अशा वेळी ग्राहकाला आतल्या खोलीत न्या, फोन बाहेर ठेवायला लावा आणि मग विचारा.

पुढचा संताप यंत्रणेवर. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लवकर लागत नाही, पण लावत राहा आणि त्याच वेळी सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार भरा. प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला) क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरचं खातं हाताशी ठेवा, नाहीतर अर्ज अडतो. पैसा काही तासांत एका भाडोत्री खात्यातून दहा खात्यांत फुटतो. काकांचे गोठवले गेले फक्त १,३६,०००.

पोलीस ठाण्यात उत्तर मिळालं, "हे सायबरकडे न्या." सायबरवाले म्हणाले, "आधी ठाण्यात जा." पोर्टलची पावती म्हणजे एफआयआर नाही, हे कोणी आपणहून सांगत नाही. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. तरीही नकार आला तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, पोच घ्या, मग मॅजिस्ट्रेट. "स्वतःच पाठवलेत ना?" हा प्रश्न काकांना ठाण्यात तर ऐकावा लागलाच, वर बँकेनेही विचारला. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाला संरक्षण दिलं. इथे सही काकांची, म्हणून व्यवहार 'अधिकृत', असं बँकेचं म्हणणं. मानेवर सुरी ठेवून घेतलेल्या सहीला कोणी संमती म्हणेल का? इथे सुरी दिसत नाही, एवढंच.

गोठवलेली रक्कमही आपोआप परत येत नाही. काकांना त्यासाठी त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागला, सोबत बँकेचा उतारा आणि तक्रारीचा क्रमांक. आणि याच काळात एक 'वकील' फोन करून २५,००० रुपयांत सगळे पैसे सोडवून देतो म्हणतो. त्याला रक्कम, तारीख, बँक सगळं माहीत असतं, कारण फोन त्याच टोळीचा असतो किंवा तिच्याकडून यादी विकत घेतलेल्याचा. तो नंबर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवरच्या 'चक्षू' या सुविधेत कळवा. काकांना असे दोन फोन आले. आता त्यांचा फोन काकू उचलतात.