ब्युप्रेनॉर्फिन की नाल्ट्रेक्सोन?
घरी राहून, ओपीडीत येऊन हेरॉइन सोडायचं तर ही दोन औषधं पुढे येतात. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली धरायची, गिळायची नाही; विरघळायला 5 ते 10 मिनिटं लागतात. हेरॉइन उतरून अंगदुखी, जांभया, नाकातून पाणी सुरू झाल्यावरच पहिली गोळी. घाई केली तर त्रास उलट वाढतो. पण तलफ शमते, माणूस कामावर जाऊ लागतो. हे औषध हेरॉइनच्याच गटातलं, म्हणून ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ हा टोमणा मला फार अन्यायाचा वाटतो.

नाल्ट्रेक्सोन नशा चढूच देत नाही. मात्र त्याआधी 7 ते 10 दिवस हेरॉइनशिवाय काढावे लागतात, आणि तिथेच बरेच जण गळतात. दोघांपैकी दारूच्या व्यसनावरही चालतं ते नाल्ट्रेक्सोनच.

दोन्हींत एक धोका आहे: औषध मध्येच सोडून हेरॉइनच्या जुन्या मात्रेवर परतलं, तर श्वास थांबून जीव जाऊ शकतो.