120 चे 50 झाले: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या लेव्हल स्क्विशबद्दल

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम आता नव्याने सुरू करण्यात काही अर्थ आहे का, आणि 'लेव्हल कमी करून गेमची वाट लावली म्हणे' हे खरं का, असं इंदूरच्या राजेंद्रनगरातली कॉलेजची पोरं मला अधूनमधून विचारतात. आमच्या गल्लीत चाळिशी उलटलेला आणि हा गेम खेळणारा मी एकटाच, म्हणून प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. दिवसभर सियागंजात एका किराणा व्यापाऱ्याचे हिशेब लिहितो आणि रात्री जेवणं आटोपली की गेममधला टॉरेन ड्रूइड (बैलतोंड्या मांत्रिक) होतो. आकडे जुळवणं हा पोटाचा धंदा असल्यामुळे माझं मत जरा हिशेबनिसाचं आहे, तेवढं धरून वाचा.

आधी मूळ भानगड. गेम 2004 साली आला तेव्हा सगळ्यात वरची लेव्हल 60 होती. 2007 मध्ये 'बर्निंग क्रुसेड'ने ती 70 केली, 2008 मध्ये 'रॅथ ऑफ द लिच किंग'ने 80. पुढे दर दोन वर्षांनी एक एक्सपान्शन, म्हणजे गेमची मोठी पुरवणी, येत गेलं, 85, 90, 100, 110, आणि 2018 च्या 'बॅटल फॉर अझेरॉथ'मध्ये आकडा 120 वर जाऊन टेकला. मधे 2014 आणि 2018 मध्ये कात्री चालली होती, पण ती फक्त ताकद आणि हेल्थच्या आकड्यांवर. लेव्हलला कोणी हात लावला नव्हता. शेवटी 2019 च्या ब्लिझकॉनमध्ये, म्हणजे गेमच्या कंपनीच्या मेळाव्यात, 'शॅडोलँड्स'ची घोषणा झाली आणि त्याच वेळी सांगितलं की 120 चे 50 करणार (यालाच लेव्हल स्क्विश म्हणतात), नवं एक्सपान्शन 50 ते 60 असेल. ऑक्टोबर 2020 च्या पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) ते झालंही.

हे करायची वेळ का आली, ते 110 ते 120 जो चढला असेल त्याला समजावून सांगावं लागणार नाही. त्या दहा लेव्हलमध्ये ना नवं टॅलेंट (आपण निवडून घ्यायचा खास गुण), ना नवी विद्या. उलट एक विचित्र प्रकार होता. तुमच्याबरोबर राक्षसांचीही लेव्हल वाढायची, पण अंगावरचं जुनं चिलखत मात्र तेवढं पुरं पडायचं नाही. आधीच्या 'लीजन' एक्सपान्शनमधल्या लेजेंडरी वस्तूंचे खास गुण तर 116 ला बंदच पडायचे. म्हणजे 115 ला जो मगर मी दोन झटक्यांत लोळवायचो, तोच 118 ला मला पळायला लावायचा. बढती मिळाली आणि पगार कमी झाला, असं सियागंजातला हमालसुद्धा ऐकून घेणार नाही. खालच्या लेव्हलचंही फार बरं नव्हतं. 2012 पासून टॅलेंट दर पंधरा लेव्हलला एक या हिशेबाने मिळायचं, मधल्या कितीतरी लेव्हल नुसत्या घंटा वाजवून निघून जायच्या. सोनेरी उजेड पडतो, आवाज होतो, हातात काही नाही.

पॅच आला त्या रात्री लॉग इन केलं. ड्रूइडच्या नावाखाली 50. लाखांत असलेली हेल्थ हजारांत आलेली. पहिली दोन मिनिटं खिसा कापल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग शहराबाहेर गेलो, एका रानडुकराला पंजा मारला. ते जितक्या फटक्यांत पूर्वी मरायचं तितक्याच फटक्यांत मेलं. स्क्रीनवर उडणारे आकडे बारके झाले होते, एवढाच फरक. माउंट (स्वारीची जनावरं) सगळे जागेवर, अचीव्हमेंट जागेवर, बँकेतल्या थैल्या जागेवर. बाकीची कॅरेक्टरं एकेक उघडून बघितली, ताळेबंद तपासतात तशी. कुठे फरक नाही. शेअर बाजारात कंपनी दहा जुन्या शेअरचा एक नवा करते तेव्हा डीमॅट उघडणारा गृहस्थ आधी दचकतो आणि मग किंमत बघून पाणी पितो, तसंच हे. गिल्डच्या, म्हणजे आमच्या टोळीच्या, चॅटमध्ये मात्र त्या रात्री नुसता शिमगा चालला होता. 'माझ्या सोळा वर्षांचं काय' असं विचारणारे दोघंतिघं दुसऱ्या आठवड्यात नेहमीसारखे डंजनला (टोळीने उतरायच्या मोहिमेला) हजर.

खरी कमाई दिसली ती नवं कॅरेक्टर काढल्यावर. आता जवळजवळ प्रत्येक लेव्हलला काहीतरी पदरात पडतं. नवी विद्या, जुनीची सुधारलेली आवृत्ती, नाहीतर टॅलेंट. दहाव्या लेव्हलला घोडा (माझ्या बाबतीत कोडो), तिसाव्याला उडायला मिळायचं. डेथ नाइट हा वर्ग पूर्वी 55 पासून आणि डीमन हंटर 98 पासून सुरू व्हायचे, ते दोघंही 8 वर आले. अलाइड रेस (नंतर आलेल्या जमाती) 20 वरून 10 वर. जुन्या खेळाडूंनी जपलेल्या एअरलूम वस्तूंचा लेव्हल पटापट वाढवायचा बोनस काढून टाकला, त्यावरून थोडी कुरकुर झाली. मला तो निर्णय बरोबर वाटतो. नव्या माणसाकडे त्या वस्तू नसायच्या आणि जुना त्याच्या शेजारून भुर्रकन निघून जायचा. दोघांनी बरोबर खेळायचं म्हटलं तर जमणार कसं?

सुरुवातही नवी दिली, 'एक्झाइल्स रीच' नावाचं बेट. पहिल्या दहा लेव्हल तिथेच. जहाज फुटतं, हरवलेल्या मोहिमेतली माणसं शोधायची, ओगर लोकांशी झुंजायचं आणि शेवटी डार्कमॉल सिटाडेल नावाच्या छोट्या डंजनमध्ये मेलेल्या ड्रॅगनला उठवणाऱ्यांचा बंदोबस्त करायचा. डंजन म्हणजे काय, पुढे उभं कोणी राहायचं, हे सगळं न शिकवता शिकवलंय. ताईचा मुलगा तेव्हा आठवीत होता, शाळा मोबाइलवर, सुदामानगरातल्या घरात दिवसभर नुसता लोळत पडलेला. त्याला बसवला. मला वाटलं होतं दर पाच मिनिटांनी फोन येईल. आला तो थेट बेट संपल्यावर. 'मामा, गजब आहे भिया!' इंदूरचं पोर, मामालाही भियाच म्हणणार.

इथपर्यंत सगळं छान. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रश्न सुरू झाले.

120 लेव्हल असताना रस्ता लांब होता, पण ढोबळ क्रम तरी होता: आधी जुना अझेरॉथ, मग आउटलँड, मग नॉर्थरेंड. 2018 च्या सुरुवातीला झोन स्केल व्हायला, म्हणजे इलाख्याची लेव्हल तुमच्याप्रमाणे बदलायला, लागले तेव्हा तो क्रम थोडा सैल झाला, आणि स्क्विशने पूर्णच सोडून दिला. त्यानंतर 10 ते 50 हा सगळा प्रवास एकाच एक्सपान्शनमध्ये व्हायला लागला. कोणतं ते जुना खेळाडू क्रोमीला सांगून ठरवतो. ही क्रोमी म्हणजे राजधानीत उभी असलेली बुटकी बाई, मुळात काळाची राखण करणाऱ्या ब्राँझ ड्रॅगनांपैकी एक. नवख्याला पहिल्या कॅरेक्टरसाठी ती निवड त्या वेळी नव्हती. त्याची रवानगी थेट 'बॅटल फॉर अझेरॉथ'मध्ये, म्हणजे चौदा वर्षं चाललेल्या गोष्टीच्या सातव्या पुरवणीत.

भाच्याने होर्ड घेतलेला, गेममधल्या दोन पक्षांपैकी एक. बेटावरून तो होर्डच्या राजधानीत, ऑर्गरिमारला पोचतो न पोचतो, तोच त्याला शत्रूच्या राजधानीत, स्टॉर्मविंडच्या तुरुंगात पाठवलं. तिथून झांडालारी राजकन्या तलांजीला सोडवून आणायचं. वाटेत एका कोठडीत म्हातारा ऑर्क बसलेला, वारोक सॉरफँग. दार उघडायला माणसं आलीयत आणि हा बाहेर यायला तयार नाही. पोरगं मला विचारतं, 'हा का येत नाहीये? बग आहे का?'

बग! काय सांगणार त्याला. सॉरफँगचा मुलगा ड्रॅनोश नॉर्थरेंडमध्ये, रॅथगेटच्या दरवाजासमोर, मेलेल्यांची फौज बाळगणाऱ्या लिच किंगच्या तलवारीने मेला. पुढे त्याच लिच किंगने त्याला मेलेल्यातून उठवून स्वतःचा चाकर केला आणि आइसक्राउन सिटाडेलच्या रेडमध्ये (मोठ्या टोळीच्या चढाईत) आम्हाला त्याच्याशीच लढावं लागलं. लढाई संपल्यावर बाप स्वतः पुढे आला आणि पोराचं प्रेत उचलून घेऊन गेला. त्या वेळी आमच्या रेडमधले पंचवीसच्या पंचवीस जण माइकवर गप्प होते, एरवी लुटीवरून भांडणारे. हे ज्याने पाहिलंय त्याला त्या कोठडीतला माणूस कळतो. ज्याची लेव्हल 10 आहे आणि गेममध्ये येऊन दोन दिवस झालेत, त्याला तो अडकलेला एनपीसी (गेमच चालवतो ते पात्र) वाटणार. त्यात पोराचा काय दोष?

माझी तक्रार असलीच तर ती एवढीच आहे. आकडा कमी करायला हरकत नव्हती, त्याबरोबर गोष्टीची ओळख करून देणारं काहीतरी हवं होतं. भाच्याचं पहिलं कॅरेक्टर 50 ला पोचल्यावर दुसरं मी शेजारी बसून काढायला लावलं आणि क्रोमीकडून नॉर्थरेंडला धाडलं. ड्रॅगनब्लाइटच्या क्वेस्ट करत करत रॅथगेटचा तो छोटा सिनेमा आला, तेव्हा तो खुर्चीत सरळ झाला. 'अच्छा, म्हणून तो कोठडीत बसला होता.' तिथेही एक खोच आहे. रॅथगेटनंतरची अंडरसिटीची लढाई 'कॅटाक्लिझम'च्या वेळीच काढून टाकलीय, त्यामुळे गोष्ट तिथे एकदम तुटते. शिवाय त्या वेळी लेव्हल इतकी भराभर वाढायची की अर्ध्या नॉर्थरेंडमध्येच 50 लागायचं, क्रोमी तुम्हाला उचलून राजधानीत आणून ठेवायची, आणि परत गेलात तर तिथली जनावरं फुंकरीने मरायची. आइसक्राउनपर्यंत गोष्ट वाचायची असेल तर नाइलाजाने एक्सपीरियन्स (लेव्हल वाढवणारे गुण) बंद करून घ्यावा लागायचा. त्याची सोय गेममध्ये आहे. ऑर्गरिमारमध्ये स्लाझ नावाचा एनपीसी थोडं सोनं घेऊन ते काम करतो. नव्या खेळाडूला हे कोण सांगणार?

पुढे यात सुधारणा झालीय हे सांगायला हवं. आता बेटावरून नवख्याला ड्रॅगन आइल्सला नेतात. तिथली गोष्ट बरीच स्वतःच्या पायावर उभी आहे, मागचं फारसं माहीत नसलं तरी अडत नाही. क्रोमीची मर्यादाही 50 वर राहिली नाही, पुढच्या एक्सपान्शनबरोबर वाढत गेली. आकडा तर वाढणारच होता. 'ड्रॅगनफ्लाइट' 70, 2024 चं 'द वॉर विदिन' 80, 'मिडनाइट'ला 90. दर खेपेला दहा. याच चालीने आणखी तीन एक्सपान्शनमध्ये पुन्हा 120 होतात, मग परत कात्री. चालायचंच, आमच्या धंद्यातही दर काही वर्षांनी नव्या वह्या घालाव्या लागतातच.

ज्यांना जुना लांबचा रस्ताच हवा आहे, एकेका लेव्हलसाठी दोन दोन संध्याकाळी घालवायची हौस आहे, त्यांच्यासाठी 2019 पासून 'क्लासिक' वेगळं चालू आहे. त्यात 1 ते 60 जसंच्या तसं, आणि वर्गणी तीच, वेगळे पैसे नाहीत. ऑफिस, घर, म्हाताऱ्या आईचं पथ्यपाणी सांभाळून मला ते झेपत नाही. मला रात्री दीड तास मिळतो, त्यात दोन-तीन लेव्हल आणि एखादी विद्या मिळाली की झोप चांगली लागते.

पाचपैकी मी चार देईन. एक कापला तो सॉरफँगच्या नावाने.

पैशांचं म्हणाल तर महिन्याची वर्गणी अमेरिकेत 14.99 डॉलर आहे, आणि भारतात सर्व्हर नाही, म्हणून इंटरनेट धड नसेल तर रेडचा नाद करू नका. मी युरोपच्या सर्व्हरवर खेळतो, रात्रीच्या वेळी तिकडे गर्दी असते आणि माणसं सापडतात. पण लगेच डॉलर मोजायची घाई कशाला? फुकट खाते 20 लेव्हलपर्यंत चालतं. 120 असताना हा 20 म्हणजे उंबरठ्यावरून घर बघणं होतं. स्क्विशनंतरही ती मर्यादा 20 च राहिली, म्हणजे पूर्ण बेट, त्यापुढचा एक मोठा तुकडा, दोन-तीन डंजन आणि घोडा, सगळं एक पैसा न देता. त्या खात्यावर गिल्डमध्ये घेता येत नाही, ऑक्शन हाउस बंद, आणि हजाराच्या वर सोनं साठत नाही. तेवढ्यावर भागतंय का बघा, नाही भागलं तर मग कार्ड काढा. होर्डमध्ये आलात तर सांगा, आमच्या गिल्डला एक बरा हीलर हवाच आहे.