सोलर की साधा गिझर?

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडच्या भाच्याने विचारलं, "मामा, पाणी तापवायला सोलर बसवू की गिझर?" दुकानदाराचं वीस वर्षांच्या बचतीचं गणित बाजूला ठेवून सांगतो.

पंधरा लिटरचा बरा गिझर सहा-आठ हजारांत येतो. शंभर लिटरचं काचनळ्यांचं सोलर, फिटिंग धरून, वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातं.

आता बिल. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला सुमारे 3 युनिट लागतात. पण आपल्याकडे उन्हाळ्यात नळालाच गरम पाणी येतं! म्हणजे खरी गरज हिवाळ्याचे चार महिने; साधारण 360 युनिट. युनिटला नऊ रुपये धरले तर वर्षाला सव्वातीन हजार. सोलरचे जादा पैसे फिटायला पाच वर्षं सहज जातात. पावसाळ्यात आभाळ भरलं की सोलर थंडच.

टिकण्याचं म्हणाल तर खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं असलेल्या आपल्या भागातलं, बोअरचं पाणी दोघांचंही वैरी. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तो काढता येतो. कॉइल बदलणंही स्वस्त. सोलरमध्ये तांब्याच्या नळ्यांचं घेऊ नका, त्या क्षाराने चोंदतात. काचनळ्या धुता येतात, पण वानरांनी स्लॅबवर उडी मारली की एखादी फुटतेच. शिवाय टिनाच्या घरावर भरलेल्या टाकीचा भार नकोच.

चार माणसं, टिनाचं छत किंवा भाड्याचं घर असेल तर गिझर घ्या. स्लॅब आहे, आठ-दहा जणांचं खटलं आहे आणि पहाटेच नेमकी लाइन जाते, तर सोलर. तिथं पाणी जास्त लागतं, म्हणून पैसे त्यामानाने लवकर फिटतील.